ओनरांची कोयरी

म्हैसूरला घरमालकाला ओनर म्हणतात. नवऱ्याच्या बदलीच्या निमित्ताने आम्ही सांगलीहून इथे आलो, चामराजपुरममधल्या एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला, आणि खाली एकटेच राहणारे आमचे ओनर मराठी निघाले. एजंटाने ही बातमी पेढे वाटावेत अशा थाटात सांगितली. तुमचेच लोक आहेत, म्हणाला. मला त्या वेळी आपल्याच काय, कुठल्याच लोकांची हौस उरली नव्हती. लग्न झाल्यापासून गावोगावी बिऱ्हाड हलवत होतो. खोकी भरायची, खोकी सोडायची, नव्या स्वयंपाकघरात जुना डबा शोधायचा. मला एवढंच हवं होतं की ओनर भले असावेत आणि शक्यतो गप्प असावेत.

ते भले होते. गप्प मात्र नव्हते.

पहिल्याच भेटीत त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. नळाला पाणी सकाळी येतं, आणि भिंतीत मोळा मारायचा नाही. मोळा म्हणजे खिळा, हे मला नंतर कळलं. "माणूस जातो की सोडून," ते म्हणाले. "भोक राहतंय मा." त्यांची मराठी घरातलीच, पण कानडी गल्लीत वाढलेली. 'मी केलो', 'मी सांगलो' असं बोलत, बाईमाणसाला 'मा' म्हणत, मध्येच कानडीत शिरत आणि आपण परत कधी आलो याचा त्यांना पत्ता नसे. सुरुवातीला मी प्रत्येक वाक्य दोनदा ऐकत असे. पुढे सवय झाली, आणि कधीतरी आईने फोनवर विचारलं की तू अशी 'अल्वा, अल्वा' काय करतेस; कानडीतलं 'नाही का' माझ्या तोंडी बसलं होतं.

आता खिळ्यांशिवाय संसार होतो, पण सजावट होत नाही. आमच्याकडे चारचौघांकडे असतात तशी चित्रं होती. पुण्याच्या प्रदर्शनात घेतलेलं वारली, सासूबाईंनी दिलेले मधुबनी मासे, म्हैसूरला आलेल्या प्रत्येक माणसाला कुणीतरी देतंच तो शिसवी लाकडावर जडवलेला हत्ती, आणि बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत सहलीला गेलो तेव्हा नवऱ्याने हट्टाने घेतलेला बुद्धाचा थांका, म्हणजे कापडावरचं चित्र. ही सगळी मंडळी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. पाहुणे यायचे आणि विचारायचे, आत्ताच आलात वाटतं राहायला. आम्हाला तिथे कित्येक वर्षं झालेली असायची.

ओनर एकदा भाड्याच्या निमित्ताने वर आले आणि त्यांनी या चित्रांची हजेरी घेतली. वारलीसमोर उकिडवे बसले, बराच वेळ बघितलं आणि विचारलं की एवढंच का, रंग संपला होता का त्यांच्याकडे. मी माझ्या परीने समजावून सांगितलं, तांदळाचं पीठ, गेरूची भिंत वगैरे. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. माशांकडे त्यांनी पाहिलंही नाही. थांका मात्र उचलला, बुद्धाकडे दुर्लक्ष करून तो उलटा केला आणि कडेच्या जरीच्या कापडाची मागची बाजू बोटांनी चाचपत बसले. कापड चांगलं आहे, म्हणाले. बुद्ध कसा आहे, यावर त्यांचं काही मत नव्हतं.

प्रत्येक गोष्ट उलटी करून बघायची त्यांची ही खोड म्हैसूरच्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळात प्रसिद्ध होती. लग्नात जेवणाच्या पंगतीला बसले तरी शेजारच्या बाईला म्हणत, "मा, जरा पदर दाखव." बाई ओळखीची असली तर हसून पदर पुढे करी. ओनर तो उलटा करत, छाप मागे किती उतरलाय ते बघत आणि "मिशीनचं" असं एवढंच म्हणून जेवायला लागत. हजारोंची साडी नेसलेल्या बाईचा त्या दिवसाचा सगळा आनंद त्या एका शब्दात जात असे.

त्यांचे पूर्वज रंगारी. कापड रंगवायचे आणि लाकडी ठशांनी छापायचे. म्हैसूरला कधी आले, कुणाच्या वेळी आले, हे ओनर दर वेळी वेगळं सांगत. ओनरांच्या वडलांपर्यंत, म्हणजे अण्णांपर्यंत, धंदा कसाबसा चालला. ओनर स्वतः सरकारी कचेरीत कारकून होते. आयुष्यभर फायलींवर शिक्के मारले आणि निवृत्त झाले. "छापायचंच काम केलो की," असं स्वतःच म्हणून ते हसत. त्या हसण्यात काहीतरी कडू होतं, पण ते मला पुष्कळ उशिरा समजलं.

धंदा गेला तरी ठसे राहिले होते. खालच्या मधल्या खोलीत दोन पत्र्याच्या पेट्या होत्या. त्यांत वेली, मोर, कमळं, बुट्ट्या, काठाच्या नक्ष्या, सगळे लाकडी ठसे, शंभर वर्षांच्या रंगाने काळेमिट्ट झालेले. ओनरांच्या घरात भिंतीवर एक कॅलेंडर आणि अण्णांचा फोटो सोडला तर काही नव्हतं. निवृत्तीच्या वेळी कचेरीने त्यांना सोन्याच्या वर्खाचं म्हैसूर शैलीतलं लक्ष्मीचं चित्र दिलं होतं, ते त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून खाटेखाली ठेवलं होतं. भिंतीला काय करायचंय कपडा, असं त्यांचं म्हणणं. कपडा माणसाला लागतो. आणि माणसाचा कपडा कोरा असला की त्यांना तो बघवत नसे.

हे मला कळलं ते आमच्या उशांच्या अभ्र्यांवरून. गच्चीवर वाळत घातलेले पांढरे अभ्रे संध्याकाळी काढायला गेले तर ते पिवळट झालेले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एकेक काळी कोयरी उमटलेली. मी तणतणत खाली गेले. ओनर कॉफी पीत होते. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की आता ही आभार मानणार. मी ऑफिसात होते तेवढ्यात त्यांनी अभ्रे उतरवून, रंग धरावा म्हणून हिरड्याच्या पाण्यातून काढले होते, वाळवले होते, छापले होते आणि परत दोरीवर लावले होते. एवढी मेहनत बघून माझा राग निम्मा तिथेच ओसरला. उरलेल्या निम्म्याचं काय करावं ते मला सुचलं नाही. पुढे पडदे गेले, नवऱ्याचे रुमाल गेले, आणि एक चादर गेली ती माझी आवडती होती. मी भांडले. ते ऐकून घेत आणि म्हणत, "कोरं होतं मा."

काळा रंग ते घरीच करत. मागच्या अंगणात एका मडक्यात गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी घालून ते आंबत ठेवत. त्याचा वास उन्हाळ्यात आमच्या झोपायच्या खोलीपर्यंत येई. भिंतीत एक खिळा मारू न देणाऱ्या माणसाने मडक्यात किलोभर खिळे कुजवावेत आणि तो वास आम्ही भाडं देऊन घ्यावा, यावर नवरा आणि मी अनेकदा हसलो. दमलेलो असताना हसायला काहीतरी लागतंच.

एवढं सगळं करून ते छापत मात्र वाईट. हे मी त्यांच्यावरच्या मायेपोटीही लपवू शकत नाही. साध्या एका रेघेच्या ठशाचं काम ठीक येई. पण त्यांचा सगळा जीव ज्याच्यात होता ती घराण्याची कोयरी तीन ठशांची होती, आणि ती त्यांना कधीच साधली नव्हती.

त्या तीन ठशांना त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या नावं होती. काळ्या रेघेचा ठसा सासू. तिच्या रेघेच्या आत बसणारा लाल भरणीचा ठसा सून. आणि दोघींच्या मध्ये पिवळे ठिपके टाकणारा तिसरा ठसा नणंद. आधी सासू उमटवायची, मग सून नेमकी तिच्या आत बसवायची, शेवटी नणंद. ओनरांची नणंद दर वेळी बिनचूक बसे. सून बसत नसे. शेपटाकडे जुळवली तर डोक्याकडे पांढरी फट राही, डोक्याकडे जुळवली तर पोटाशी लाल रंग रेघेबाहेर येई. ते ओठ दाबत, ठशावर फुंकर घालत, पुन्हा लावत. पुन्हा तेच. मग उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडे बघत बसत, पोराने काहीतरी फोडल्यावर त्याला धरून ठेवावं तसे.

"अण्णा सांगायचे ते खरंच," ते म्हणत. "हात नाही माझ्याकडं."

त्यांच्या घराण्यात रीत अशी होती की मुलगा मिसरूड फुटायच्या वयाचा झाला की त्याला हे तीन ठसे आणि वर्षभराची मुदत द्यायची. वर्षाच्या आत कोयरी बसली तर तो कामावर बसे, त्याच्या खांद्यावर घरचं छापलेलं उपरणं येई आणि तो रंगारी होई. नाही बसली तर त्याला शाळेत घालत. आमच्यात नापास झाला की शाळा, असं ओनर सांगत आणि ऐकणारे खो खो हसत. घराण्यात बाकी कुणी नापास झालं नव्हतं. वर्षभर रोज संध्याकाळी अण्णांसमोर कापड नेऊन दाखवायचं, अण्णांनी बघायचं, मान हलवायची, हात नाही म्हणायचं. मुदत संपली तेव्हा अण्णांनी त्यांना शाळेत नेऊन बसवलं. वर्गातल्या पोरांपेक्षा हातभर उंच. पुढे मॅट्रिक झाले, कचेरीत लागले, त्या पगारावर हे घर नीट केलं, मुलीला शिकवलं. पण उपरणं मिळालं नाही ते मिळालंच नाही. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी त्यांची ओळख रंगाऱ्यांच्या घराण्यातले अशी करून दिली की ते घाईघाईने म्हणत, मी नव्हे, अण्णा.

मुलगी बंगळूरला होती. यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं संगणकावर तपासायची तिची नोकरी. एका शनिवारआड ती बसने यायची, गोळ्यांचे डबे भरायची, फ्रिज पुसायची, वडलांशी भांडायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची. मला अक्का म्हणायची. तिची मराठी थोडकी, वाक्य मराठीत सुरू होई आणि शब्द सापडला नाही की कानडीत संपे. मला ती आवडायची, कारण तीही कायम दमलेली असायची आणि ते लपवायची नाही. आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर कॉफी घेऊन बसायचो.

ओनर न्हाणीघरात घसरून पडले आणि ठरलं. पाय बरा झाला, पण त्यांना एकटं ठेवायला मुलगी तयार नव्हती. घर विकायचं आणि त्यांनी तिच्याकडे, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचं. आम्हालाही दुसरं घर बघायला सांगितलं गेलं, अगदी माफी मागत. मी पुन्हा खोक्यांचा विचार करायला लागले. ओनरांनी घराबद्दल फारशी तक्रार केली नाही. त्यांचा प्रश्न पेट्यांचा होता. त्या फ्लॅटमध्ये पेट्यांना जागा नव्हती, मडक्याला तर नव्हतीच.

मुलीने ठशांना गिऱ्हाईक शोधलं. हॉटेलं आणि होमस्टे सजवणारी एक बाई बंगळूरहून आली. हसतमुख, चटपटीत, खरोखर जाणती. वारली कुठून येतं, तेलंगणातल्या चेरियालचे मुखवटे कोण करतं, सगळं तिला माहीत. तिला एका होमस्टेच्या दर्शनी भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत नुसते ठसेच लावायचे होते. मोबाइलवर तिने तशा भिंतींचे फोटो दाखवले. सुंदर दिसत होत्या, खोटं कशाला बोलू.

ओनरांनी फोटो नीट बघितले. ठशांची तोंडं कुठल्या बाजूला राहणार, असं विचारलं. बाहेर, बाई म्हणाल्या, म्हणजे कोरीवकाम दिसेल. मग ती तोंडं छापणार कशावर, असं ओनरांनी विचारलं. बाईंना वाटलं म्हातारबाबा विनोद करताहेत, त्या छान हसल्या. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

पण ओनर नाही म्हणाले नाहीत. त्यांनी एकच सवलत मागितली. एक कोयरी पूर्ण बसू दे, तिन्ही ठशांची, मग सगळे घेऊन जा. किती दिवस लागतील, बाईंनी विचारलं. होईल की, ओनर म्हणाले.

मग सुरू झालं ते बघवत नव्हतं. सकाळी पूजा, अण्णांच्या फोटोला मल्लिगेचं, म्हणजे मोगऱ्याचं फूल, आणि मग टेबलावर गोधडी पसरून छापायला सुरुवात. आधीच हात थरथरायचा, त्यात आता घाई. घरातलं सगळं कापड संपलं, मग मी माझ्या जुन्या पांढऱ्या साड्या नेऊन दिल्या. सून दर वेळी बाहेर. बाईंचे फोन यायचे, टेम्पोची तारीख ठरायची, ओनर आणखी एक आठवडा मागायचे. मुलगी एका रविवारी पायरीवर बसून म्हणाली, "अक्का, साकु झालं मला." बस, पुरे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मलाही वाटत होतं की या माणसाला कुणीतरी थांबवावं. म्हाताऱ्या माणसाने आपलं जन्माचं नापास होणं रोज सकाळी उठून पुन्हा सिद्ध करावं, याच्यासारखं दमवणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

त्याच्या पुढच्या खेपेला मुलगी ठशांचे फोटो काढत बसली होती. कुठला ठसा कुठल्या जोडीचा, ते सजावटीच्या बाईंना हवं होतं, म्हणजे भिंतीवर ओळीने लावता येतील. मी भाजीची वाटी परत द्यायला खाली गेले होते. मुलीने कोयरीच्या तिन्ही ठशांचे फोटो लॅपटॉपवर घेतले आणि ऑफिसात करते तसे एकावर एक ठेवून बघितले, आरपार दिसतील असे. मग तिने मला हाक मारली. आवाज अगदी हळू होता.

तिने आधी सासूवर नणंद ठेवून दाखवली. प्रत्येक ठिपका आपापल्या जागी, केसाचाही फरक नाही. मग नणंद काढून सून ठेवली. सून आखूड होती. जवाएवढी आखूड, आणि पोटाशी तेवढीच जास्त रुंद. वर सरकवा, खाली सरकवा, ती त्या रेघेत बसणं शक्यच नव्हतं. मुलीने पेटीतून खरे ठसे काढले, स्टीलची पट्टी आणली, मोजून पाहिलं. पुन्हा मोजलं.

"हे ह्या सेटचं नाहीच, अक्का," ती म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या कोयरीचं आहे."

बाहेर अंगणात ओनर मडकं ढवळत होते. सांगू का, असं तिने मला विचारलं. शेवटी तिनेच ठरवलं आणि त्यांना आत बोलावलं.

त्यांना आधी ती थट्टा वाटली. मग म्हणाले, लाकूड सुकतंय ना. मुलगी म्हणाली की सुकलं असतं तर तिन्ही सुकली असती. ते खुर्चीवर बसले, पट्टी हातात घेतली, स्वतः मोजलं. पुष्कळ वेळ मोजलं. त्यांच्या तोंडावर आधी जे आलं तो आनंद होता, हे मी शपथेवर सांगते. उजवा हात त्यांनी वर धरला आणि उलटसुलट करून बघितला, कापड बघत तसा. हात चांगला होता. इतकी वर्षं हात चांगलाच होता.

मी बोलायच्या भरात विचारलं की मग या कोयरीची खरी सून कुठे गेली. वाटणीत चुलत्याकडे गेली असणार, ते म्हणाले. अण्णा आणि त्यांचे भाऊ वेगळे झाले तेव्हा ठसे अर्धे अर्धे केले होते. हे बोलता बोलता ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे वाटणी मला ठसे द्यायच्या आधी," ते म्हणाले. हातातली पट्टी त्यांनी खाली ठेवली.

मी घाईघाईने म्हटलं की काका, अण्णांनाही माहीत नसेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"रंगारी होते ते मा," ते म्हणाले.

अण्णा रंगारी होते. हातात घेतल्याबरोबर त्यांना कळलं असणार. त्यांनी जाणूनबुजून पोराला न जुळणारी सून दिली, वर्षभर रोज त्याचं कापड बघितलं आणि रोज सांगितलं की हात नाही. पोराने एकदा म्हटलंही होतं की तुम्ही छापून दाखवा. बघून येत नाही, असं म्हणून अण्णा उठून गेले होते. हे ओनरांना त्या दुपारी आठवलं. गिरण्यांच्या छापील कापडाने धंदा मरायला टेकला होता, घरात एकवेळची चूल होती, आणि घराण्याची रीत मोडून मुलाला शाळेत घालायचं तर त्याला नापास करण्यावाचून अण्णांकडे दुसरा मार्ग नव्हता. हे समजायला कुणाला वेळ लागला नाही. ओनरांनाही नाही. समजून काय उपयोग, एवढंच.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या फोटोला फूल नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हतं. मडकं त्यांनी ओतून दिलं आणि घराला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कसला वास येईना. ते व्हरांड्यात नुसते बसून राहत. मी ऑफिसातून आले की त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसत असे, पिशवीसुद्धा खांद्यावरच. एकदा आपणहून बोलले. नोकरी मिळाली, पेन्शन आहे, मुलगी शिकली. अण्णांनी वाईट काय केलं, तू सांग. मी म्हटलं, काही वाईट केलं नाही. ते म्हणाले, हौदु, खरंय, केलं नाही. मग म्हणाले की पण अण्णांनी एकदा सांगायचं होतं की. मरायच्या आधी एकदा. मी नोकरी सोडून छापायला बसणार होतो काय तेव्हा.

मला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की वर जाऊन मी भांडी घासता घासता रडले. नवऱ्याला वाटलं ऑफिसात काही झालं.

टेम्पो आला तो रविवारी सकाळी. सजावटीच्या बाईंनी दोन माणसं पाठवली होती, बबल रॅपची भेंडोळी घेऊन. आमचंही सामान निम्मं बांधून झालेलं होतं, आम्ही पुढच्या आठवड्यात जयलक्ष्मीपुरमला निघणार होतो. माणसांनी पेट्या उचलून व्हरांड्यात आणल्या. ओनर खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, थांबा, एक काम आहे. मुलीच्या तोंडावर आलं होतं की अप्पा, आता नको. पण ती बाजूला झाली.

त्यांनी पेटी उघडून सासू आणि नणंद काढली. सुनेला हात लावला नाही. बाजारचा काळा आणि पिवळा रंग घरात होता. कापड मात्र काहीच शिल्लक नव्हतं, चादरीसुद्धा बांधल्या गेल्या होत्या. मुलीने आपल्या गळ्यातली पांढरी ओढणी काढली आणि टेबलावर पसरली. ओनर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी चपला काढल्या.

टेम्पोवाल्याने एकदा हॉर्न दिला, कुणी लक्ष दिलं नाही. ओनर छापत गेले. सासू, मुठीचा ठोसा, उचल. सासू, ठोसा, उचल. काळ्या कोयऱ्यांच्या ओळी झाल्या, मग त्यांच्यात पिवळे ठिपके. प्रत्येक कोयरीचं पोट रिकामं. हात थरथरत होता आणि तरी ठसा ठेवायच्या क्षणी स्थिर होत होता, हे मी त्यांच्या शेजारी उभी राहून बघितलं. बांधाबांध करणारी माणसंही टेप हातात घेऊन बघत उभी राहिली. शेवटचा ठिपका पडल्यावर ते बाजूला झाले. घामाघूम झाले होते. फार दमलेले दिसत होते.

"बघ," ते मुलीला म्हणाले. "खरं सांग. अण्णांसारखं नको."

ती वाकली. ऑफिसात ड्रॉइंग तपासत असेल तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळीमागून ओळ, घाई न करता बघत गेली. मला तिची भीती वाटायला लागली. एका जागी तिने बोट ठेवलं आणि मान वर केली.

"इथं एक सरकली, अप्पा," ती म्हणाली. "बाकी सगळी बरोबर आहेत."

ओनर चष्मा सावरून खाली वाकले. ठिपके खरंच रेघेवर चढले होते. बोटाने त्यांनी ती जागा चाचपली, रंग बोटाला लागला. आणि मग इतक्या दिवसांनी ते हसले.

"हौदु," ते म्हणाले. "ही माझ्या हातानं सरकली."